अर्धी शिकवण : आकस, क्षमा आणि पवित्र शास्त्राचे आपले वाचन

प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की क्षमा हा विषय आपोआप पुढे येतो. राखेच्या बुधवारपासून पवित्र शुक्रवारपर्यंत प्रवचनांतून, प्रार्थनासभांतून आणि आपल्या नियतकालिकांच्या पानांतून क्षमेवर पुष्कळ बोलले व लिहिले जाते. यातील बरेचसे लेखन मनापासून केलेले असते आणि ते वाचताना मन हळवेही होते. तथापि त्यात एक विधान इतक्या वेळा येते, की ते आता कोणी तपासून पाहत नाही. ते असे : जुन्या करारात सुडाचा कायदा होता, यहुदी लोक त्या कायद्याने चालत, आणि प्रभू येशूने तो मोडून क्षमेचा नवा धर्म दिला. हे विधान आम्हीही पूर्वी केलेले आहे. म्हणून पुढील टीका इतरांवर आहे तशी आमच्यावरही आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. आणि त्याहून गंभीर गोष्ट ही, की त्यामुळे आपल्या क्षमेच्या कल्पनेचा एक पायच मोडला आहे. पवित्र शास्त्राची शिकवण दोघांना उद्देशून आहे : ज्याने दुखावले त्याला आणि जो दुखावला गेला त्याला. यहुदी वारसा बाजूला सारताना आपण त्यातील पहिला भाग हळूच गाळला आणि दुसराच तेवढा प्रवचनासाठी ठेवून घेतला.

हे आम्हांला ग्रंथांनी शिकवले नाही. ते एका गडग्याने शिकवले. मालवण तालुक्यातील कट्टा या आमच्या गावी गडगा म्हणजे काय हे कोणाला सांगावे लागत नाही. वसई-मुंबईकडील वाचकांसाठी सांगतो, की परड्याच्या किंवा बागेच्या हद्दीवर दगडावर दगड रचून घातलेल्या भिंतीला आम्ही गडगा म्हणतो. आमच्या आजोबांचे आणि त्यांच्या चुलतभावाचे घर शेजारी शेजारी, मध्ये असा एक गडगा. त्याच्यापायी दोन्ही घरांत जो अबोला पडला, तो दोघांच्या मरणानंतरही टिकला. एकाच देवळात मिस्साला जायचे, एकाच क्रुसापुढे गुडघे टेकायचे आणि बाहेर पडताना दोन वाटांनी घरी यायचे, हे आम्ही लहानपणापासून पाहिले. त्या घरची माणसे किती आकस धरून आहेत, क्षमा करणे त्यांना कसे ठाऊकच नाही, हे आमच्या घरात नेहमी बोलले जाई. क्षमेवरचे प्रवचन ऐकताना आम्हांला वाटे, हे त्यांनी ऐकावे. मोठेपणी जुने कागद पाहिले तेव्हा कळले, की गडगा सरकवला होता तो आमच्याच आजोबांनी. म्हणजे इतकी वर्षे आम्ही ज्यांच्याकडून क्षमेची अपेक्षा करीत होतो, त्यांचीच जमीन आमच्या आवारात होती.

या कौटुंबिक कहाणीकडे शेवटी पुन्हा येऊ. ती येथे सांगितली ती एवढ्यासाठी, की वाचकाने पुढील विवेचन वाचताना आपण कोणत्या बाजूचे आहोत हे आधीच ठरवून टाकू नये.

आता मूळ शास्त्राकडे वळू. शेजाऱ्यावर स्वतःप्रमाणे प्रीती करण्याची आज्ञा प्रभू येशूने सर्वांत मोठ्या आज्ञांत गणली, हे आपण जाणतो. परंतु ती मूळची लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्रातली आहे. तिच्या लगतच्याच दोन ओळींत आणखी चार गोष्टी आहेत : भावाचा मनात द्वेष करू नये, त्याचे चुकले असेल तर ते त्याला स्पष्ट सांगावे, सूड उगवू नये, आणि मनात आकस बाळगू नये. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. द्वेष मनात कुजू देऊ नये म्हणून तो बोलून दाखवावा, असे येथे सुचवले आहे. गप्प बसून सोसणे म्हणजे क्षमा, असे हे शास्त्र म्हणत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात, अपराध करणाऱ्या भावाकडे एकट्याने जाऊन त्याची चूक त्याच्या पदरात घालावी, असे प्रभू सांगतो. तेव्हा तो हाच नियम शिष्यांना नव्याने समजावून देत असतो.

आकस बाळगणे यासाठी येथे जे हिब्रू क्रियापद आले आहे, त्याचा मूळ अर्थ राखण करणे, जपणे असा आहे. गीतरत्नाच्या आरंभी जी तरुणी द्राक्षमळ्यांची राखण करते, तिच्या कामासाठी हेच क्रियापद योजिले आहे. कोकणातल्या माणसाला हा अर्थ समजावण्याची गरज नाही. काजूची बाग, भाताचे पीक, आंब्याची कलमे राखायची म्हणजे रात्री जागायचे, चाहूल घ्यायची, कोणी आत शिरू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचे. आकसही असाच राखावा लागतो. तो आपोआप टिकत नाही. ज्याने तो वर्षानुवर्षे राखला, त्याने आपल्या आयुष्यातील किती रात्री त्या राखणीत घालवल्या असतील, याचा हिशेब या एका शब्दात आहे. मराठीत आपण डूख धरणे म्हणतो. त्यात सापाचे विष आहे. हिब्रू शब्दात विषापेक्षा श्रम अधिक आहेत, आणि आमच्या मते तो शब्द मानवी स्वभावाच्या अधिक जवळचा आहे.

या आज्ञेवर प्राचीन यहुदी शास्त्र्यांनी जे भाष्य केले, त्यातील दृष्टान्त तर आमच्या गावातच घडला असावा असे वाटते. एकाने दुसऱ्याकडे विळा मागितला. त्याने दिला नाही. दुसऱ्या दिवशी तोच दुसरा पहिल्याकडे कुऱ्हाड मागायला आला. तू मला विळा दिला नाहीस, मीही कुऱ्हाड देत नाही, असे म्हणणे हा सूड. आणि ही घे कुऱ्हाड, मी काही तुझ्यासारखा नाही, असे म्हणून देणे हा आकस. कुऱ्हाड देणारा स्वतःला क्षमाशील समजत असतो. भाष्यकार त्याला आज्ञा मोडणारा ठरवतात. मनाच्या इतक्या आतल्या कोपऱ्यापर्यंत पोचणाऱ्या शास्त्राला आपण सुडाचा कायदा म्हणत आलो, याचा विचार झाला पाहिजे. डोळ्याच्या बदल्यात डोळा हा दंडकही यहुदी शास्त्र्यांनी नुकसानभरपाईच्या अर्थाने लावला. फुटलेल्या डोळ्याची किंमत मोजून द्यायची, दुसरा डोळा फोडायचा नाही, असा त्यांचा निर्णय होता.

क्षमेची सर्वांत मोठी कथाही याच वारशातून आपल्याकडे आली आहे. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपण लहानपणापासून ऐकतो; परंतु प्रवचनात ती भावांच्या गळाभेटीपाशी संपते, आणि पुस्तकात ती तेथे संपत नाही. योसेफ सतरा वर्षांचा असताना भावांनी त्याला विकले. पुढे दुष्काळात तेच भाऊ धान्यासाठी मिसर देशात त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. योसेफाने त्यांना लगेच क्षमा केली नाही. तो त्यांच्याशी कठोरपणे बोलला, त्यांना तीन दिवस कोठडीत ठेवले, शिमोनाला अडकवून ठेवले, बेन्यामिनाच्या गोणीत पेला लपवला. हे पाहून काही वाचक म्हणतात, की तो सूड उगवीत होता. आमचे मत निराळे आहे. योसेफाला एकच गोष्ट पाहायची होती : एका धाकट्या भावाला पूर्वी ज्यांनी विकले, ते आज दुसऱ्या धाकट्या भावाला टाकून जातात काय? यहूदा पुढे होऊन म्हणतो, की याच्या जागी मला गुलाम ठेवा. योसेफाला विकण्याची कल्पना याच यहूदाने काढली होती. तो बदलला आहे हे दिसले, तेव्हाच योसेफाचा बांध फुटला. म्हणजे या कथेत क्षमा मोठी आहे, पण तिच्या आधी अपराध्याचे पालटलेले मन उभे आहे.

पुढचा भाग अधिक हृदयस्पर्शी आहे. याकोब मिसरात सतरा वर्षे जगला आणि वारला. सतरा वर्षे भावांनी योसेफाचे अन्न खाल्ले. तरी बाप गेल्याबरोबर त्यांना वाटले, आता हा आपल्यावरचा आकस बाहेर काढील. त्यांनी निरोप पाठवला, की बापाची अखेरची इच्छा तू आम्हांला क्षमा करावीस अशी होती. बाप असे बोलल्याचा पुस्तकात अन्यत्र उल्लेख नाही. तो निरोप ऐकून योसेफ रडला. या कथेत योसेफ सात वेळा रडतो. त्यातील हे शेवटचे रडणे आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटते. क्षमा केली होती, पण ती कोणी घेतलीच नव्हती. भावांनी क्षमा मागताना जे हिब्रू क्रियापद वापरले, त्याचा अर्थ उचलणे, वाहून नेणे असा होतो. आमच्या अपराधाचे ओझे तूच उचल, असे ते म्हणतात. त्यावर योसेफाने क्षमेचे व्याख्यान दिले नाही. मी देवाच्या जागी आहे काय, असे विचारून त्याने त्यांना व त्यांच्या मुलाबाळांना पोसण्याचे वचन दिले. क्षमा म्हणजे मनाची एखादी उदात्त लहर नव्हे. समोरच्याच्या मुलांच्या ताटातील भाकरी म्हणजे क्षमा, असा या कथेचा निष्कर्ष आहे.

पण टीकाकाराने आवडत्या पात्राचीही गय करू नये. सत्तेचाळिसाव्या अध्यायात हाच योसेफ दुष्काळग्रस्त मिसरी शेतकऱ्यांकडून धान्याच्या मोबदल्यात आधी पैसा, मग गुरे, मग जमिनी घेतो आणि त्या फेरोच्या नावे करतो. १९४९ च्या कायद्याने खोती गेली तोवर ज्या कोकणातील कुळांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या जमिनीत घाम गाळला, त्या कोकणातल्या वाचकाच्या नजरेतून हा अध्याय सुटता कामा नये. रक्ताच्या नात्यातला आकस सोडणारा माणूस परक्यांच्या बाबतीत कठोर असू शकतो. पवित्र शास्त्राने ही गोष्ट लपवलेली नाही. आपणही लपवू नये.

आता अपराध्याच्या कर्तव्याकडे येऊ; कारण आपल्या वाचनातून तेच गळाले आहे. डोंगरावरील प्रवचनात प्रभू सांगतो, की वेदीपाशी दान घेऊन गेल्यावर तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. हा उतारा आपण शेकडो वेळा ऐकला आहे. तो ऐकताना बहुतेकांच्या मनात चित्र उभे राहते ते दुखावलेल्या माणसाचे : माझ्या मनात कोणाविषयी कटुता असेल तर ती काढून टाकून वेदीपाशी जावे. परंतु उताऱ्यात तसे नाही. येथे उठून जायचे आहे ते ज्याच्यामुळे भावाचे मन दुखावले आहे त्याने. दान वेदीपाशी सोडून घराकडे परतणारा माणूस हा अपराधी आहे. आम्ही स्वतः हा उतारा अनेक वर्षे उलटा वाचला. गडग्याच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत हे कळल्यावरच तो सुलटा दिसला.

यहुदी परंपरेत ही शिकवण अगदी स्पष्ट आहे. मिश्नेतील योमा या प्रकरणाच्या अखेरीस म्हटले आहे, की देवाविरुद्धच्या पापांचे प्रायश्चित्त प्रायश्चित्ताच्या दिवशी होते. शेजाऱ्याविरुद्धच्या पापाचे मात्र त्या शेजाऱ्याची समजूत घातल्याशिवाय होत नाही. बाराव्या शतकातील थोर यहुदी पंडित मायमोनिडीज यांनी याचे नियम बांधून दिले. अपराध्याने आधी नुकसान भरून द्यावे, आणि मग क्षमा मागावी. ती मिळाली नाही तर सोबत्यांना घेऊन पुन्हा जावे. असे तीनदा करावे. इतके करूनही समोरचा द्रवला नाही, तर मात्र आता दोष त्याचा. आणि ज्याचा अपराध केला तो माणूस मरण पावला असेल, तर दहा माणसांना घेऊन त्याच्या थडग्यापाशी जावे आणि त्यांच्यादेखत आपले पाप कबूल करावे. आपल्या शुभवर्तमानातील जक्कय तरी दुसरे काय करतो? प्रभू त्याच्या घरी आल्यावर तो आनंदाश्रू ढाळून थांबत नाही. ज्यांना नाडले त्यांना चौपट परत देतो. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावीत, हा निर्गमातील नियम त्याला ठाऊक होता.

थडग्याचा उल्लेख आला म्हणून आमच्या किनाऱ्याला जवळची एक आठवण सांगणे प्राप्त आहे. गार्सिया द ओर्टा हे पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिले. भारतातील औषधी वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. ते जन्माने यहुदी कुळातील, बाप्तिस्मा झालेले. १५६८ मध्ये ते वारले. गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना १५६० मध्येच झाली होती. पुढल्या वर्षी, १५६९ मध्ये, त्यांच्या बहिणीला जाळण्यात आले. आणि १५८० मध्ये ओर्टांवर मरणोत्तर दोष ठेवून त्यांची हाडे उकरून काढून जाळली गेली. एका परंपरेत अपराधी दहा माणसे घेऊन थडग्यापाशी क्षमा मागायला जातो. दुसऱ्या परंपरेच्या नावाने माणसे थडगे उकरायला गेली. यांपैकी कोणती परंपरा सुडाची आणि कोणती क्षमेची, हे त्या वर्षी गोव्यात उभ्या असलेल्या एखाद्या यहुद्याला विचारले असते, तर त्याने काय उत्तर दिले असते? आमच्या सावंतवाडी-मालवण भागातील पुष्कळ ख्रिस्ती कुळांची मुळे गोव्यात आहेत. म्हणून हा इतिहास परक्याचा म्हणून आम्हांला झटकता येत नाही.

त्याच गोव्यात, त्याच काळात, दुसरीही एक गोष्ट घडली, आणि मराठी वाचकाला तिचा अभिमान वाटावा. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, साष्टीत आयुष्य घालवले, आणि त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या मराठीचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याच्या रचनेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. या ओवीबद्ध ग्रंथाचे दोन भाग आहेत. दुसऱ्या पुराणात ख्रिस्तचरित्र आहे, त्याचे ५९ अवस्वर. आणि त्याआधीच्या पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर यहुदी लोकांच्या पवित्र इतिहासाला वाहिलेले आहेत. म्हणजे ग्रंथाचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग. साष्टीतील नवख्रिस्ती श्रोत्याला येशूपर्यंत पोचण्यासाठी अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या अंगणातून जावे लागे. ज्या शहरात यहुदी रक्ताच्या संशयावरून माणसे पकडली जात, त्याच्या शेजारी बसून एका धर्मगुरूने यहुद्यांचे पूर्वज मराठी ओवीत बसवले. स्टीफन्स यांनी हे इन्क्विझिशनला उत्तर म्हणून केले असा आमचा दावा नाही. पण ग्रंथ काही वेळा ग्रंथकाराच्या हेतूहून अधिक बोलतो. ख्रिस्तपुराणाची घडणच सांगते, की पहिले पुराण फाडून दुसरे वाचता येत नाही.

आणि आमच्या याच कोकणात, उत्तरेला अलिबाग-पेण-रेवदंड्याच्या बाजूला, मराठी बोलणारे यहुदी शतकानुशतके नांदले, हे आपण विसरतो. बेने इस्राएल मंडळी तेलाच्या घाण्यांवर काम करीत आणि शब्बाथ पाळून शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. १८८० पासून त्यांनी मुंबईत शास्त्रातील पूर्वजांच्या कथांवर मराठी कीर्तने रचली व केली. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्राएलला गेले. प्रायश्चित्ताच्या महादिवसाला ते मराठीत दारफाळणीचा सण म्हणत : दार लावून घेण्याचा दिवस. त्या दिवशी पांढरी वस्त्रे, कडक उपास आणि बंद दार. दुसरा दिवस शिळा सण. त्या दिवशी गरिबांना दानधर्म आणि एकमेकांच्या घरी जाणे. आम्हांला या जोडीत मोठा अर्थ दिसतो. एक दिवस दार लावून देवापुढे आपला हिशेब मांडायचा, आणि दुसऱ्या दिवशी दार उघडून शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर जायचे. आमच्याकडे प्रायश्चित्त संस्काराला जाणारे पुष्कळ आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु पापनिवेदनाच्या खिडकीपासून शेजारच्या घरापर्यंतची वाट गवताने बुजली आहे.

येथे वाचक विचारील : मग ख्रिस्ताने नवीन काय दिले? दिले, आणि ते थोडे नाही. अपराधी वाटेवर दिसण्याआधीच दुखावलेल्याने दार उघडे ठेवावे, हे त्याने दिले. उधळ्या पुत्राचा बाप मुलगा दूर असतानाच धावतो. क्रुसावर खिळलेला प्रभू खिळणाऱ्यांनी क्षमा मागण्याची वाट पाहत नाही. उत्पत्तीतील लामेख आपल्या सुडाची बढाई मारताना सत्त्याहत्तरपट बदल्याची भाषा करतो. पेत्राने किती वेळा क्षमा करावी असे विचारले, तेव्हा प्रभूने त्याच आकड्याची आठवण देणारे उत्तर देऊन सुडाचा आकडा क्षमेकडे वळवला. शुभवर्तमानात क्षमा करणे यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याचा अर्थ सोडून देणे असा होतो, आणि पहिल्या शिष्यांनी समुद्रकाठी आपली जाळी सोडली तेथेही तेच क्रियापद आले आहे. मालवणच्या किनाऱ्यावर जाळे सोडून देणे म्हणजे काय हे आम्ही जाणतो. ज्यावर पोट चालते, ते हातातून टाकायचे. पुष्कळांचे मन आकसावरच जगत असते. तो सोडणे जाळे सोडण्याइतकेच कठीण.

परंतु ही नवी शिकवण जुन्या पायावर उभी आहे, पाया खणून काढून नव्हे. बेनसिराचा ग्रंथ आपल्या बायबलमध्ये आहे. तो ख्रिस्तापूर्वी सुमारे दोनशे वर्षे एका यहुदी ज्ञात्याने लिहिला. त्याच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, शेजाऱ्याला क्षमा केलीस तरच प्रार्थनेच्या वेळी तुला क्षमा मिळेल, असा बोध आहे. प्रभूच्या प्रार्थनेतील क्षमेची विनंती ज्या मातीत रुजली ती ही माती. आणि ही विनंती जो उच्चारतो, तो स्वतःला आधी ऋणी म्हणवतो आणि मग धनको, हेही विसरू नये.

दुखावलेल्याने पहिले पाऊल टाकले की काय घडते, याचे आपल्या देशातील उदाहरण आपणांस ठाऊक आहे. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात गोरगरिबांमध्ये काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची बसमधून ओढून हत्या झाली. २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीने, ज्या स्वतः धर्मभगिनी आहेत, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याच्या हातावर राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. या घटनेवर आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात राखीचे वर्णन भरपूर आहे. आम्ही दोन गोष्टींकडे लक्ष वेधू इच्छितो. एक, ती क्षमा कोणी त्या बहिणीकडून वसूल केली नाही. ती तिची होती म्हणून तिला देता आली. दुसरी, मारेकऱ्याला शिक्षा झाली होती आणि त्याला पश्चात्ताप झाला होता. क्षमेने न्यायाची जागा घेतली नाही. ती न्यायापलीकडे गेली.

हा फरक आपण पाळत नाही, तेव्हा क्षमेचे प्रवचन दुबळ्याच्या तोंडावर ठेवलेला हात होते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, मजुरी बुडालेल्या गड्याला, हिस्सा नाकारलेल्या बहिणीला आपण क्षमेचा उपदेश करतो; आणि मारणाऱ्याला, बुडवणाऱ्याला, नाकारणाऱ्याला वेदीपाशी दान घेऊन येऊ देतो. मोशेचे शास्त्र आणि डोंगरावरील प्रवचन या दोहोंच्या कसोटीवर असे उपदेश टिकत नाहीत.

ख्रिस्तसभेने स्वतःच्या बाबतीत हा धडा उशिरा का होईना, गिरवला आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट ठेवता येत नाही, असे जाहीर केले. २६ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यरुशलेमच्या पश्चिम भिंतीपाशी उभे राहिले आणि देवाजवळ क्षमा मागणारी प्रार्थना लिहिलेला कागद त्यांनी तेथील दगडांच्या फटीत ठेवला. वृद्धापकाळाने वाकलेला तो माणूस तेथे दुखावलेला म्हणून गेला नव्हता. ज्यांच्याविषयी भावाच्या मनात काही आहे, त्यांच्या वतीने तो गेला होता. दान वेदीपाशी ठेवून निघालेला माणूस तो हाच. एवढे झाल्यावरही आपण आपल्या लेखांत यहुदी म्हणजे सूड आणि ख्रिस्ती म्हणजे क्षमा असे लिहीत राहिलो, तर क्षमेवरील त्या लेखातच आकसाची राखण चालू आहे असे म्हणावे लागेल.

कट्ट्याच्या त्या गडग्याविषयी आता इतकेच सांगायचे उरले आहे. ज्यांचे देणे होते ते आजोबांचे चुलतभाऊ गेले, आणि सरकवणारे आमचे आजोबाही गेले. यंदा आम्ही त्या घरी गेलो. ओटीवर बसायला सांगतील की नाही अशी शंका होती; सांगितले. आम्ही कागद दाखवले आणि गडगा मूळ हद्दीवर नेण्याचे कबूल केले. त्यांनी क्षमा केली की नाही हे आम्ही विचारले नाही, आणि त्यांनीही सांगितले नाही. ते सांगणे त्यांच्या हाती आहे. दगड हलवणे आमच्या हाती आहे. पावसाआधी ते काम उरकायचे आहे.